सात काड्यांचे काप

आदरणीय काल्बुबू एजे,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा ओमुरझाक याचा सलाम. गुडघे कसे आहेत? घोडी व्याली का? इकडे सर्व ठीक, म्हणजे बुरुलकान गेल्यावर जितके ठीक असू शकते तितके. शुक्रवारी तिच्या वर्षाचे जेवण आहे. मेंढे ठरले, पीठ आले.

पत्राला तसे खास कारण नाही. मार्चमध्ये नववीला एकबीजपत्री खोडाची आतली रचना शिकवायची होती. बाहेर गुडघाभर बर्फ, काडी आणणार कुठून? कोठीत बुरुलकानने पडद्याच्या नक्षीसाठी एकेका काडीला रंगीत लोकर गुंडाळून ठेवलेली चिय गवताची मोळी होती. तीनशेवर काड्या; मी मधल्या सात घेतल्या. लोकर हलकेच उलगडली (रंगानुसार गोळेही केले, मी निष्काळजी माणूस नाही), पात्याने काप काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली वर्गाला दाखवले: पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे पुंजके गाभ्यात इकडेतिकडे विखुरलेले, त्यांचे वर्तुळ नाही, खोड जाड करणारा थर नाही. तास उत्तम झाला. पुंजके जसे कुठेही, तशा मोळीतल्या काड्याही कुठेही, असे मी धरून चाललो. एकवीस वर्षे तिच्या शेजारी बसून चहा प्यायलो, पण नक्षीत प्रत्येक काडीची जागा ठरलेली असते, हे कधी पाहिले नाही.

काल बायका तो पडदा शिवायला बसल्या आणि नक्षीतले मेंढ्याचे शिंग अर्ध्यावरच तुटले. शेजारच्या सेइलकान आपा म्हणाल्या, "अगं बाई, हा मेंढा कुठे धडकून आला?" सगळ्या हसल्या. मग एकीने हळूच म्हटले, "आजारपणात बिचारीची मोजणी चुकली गं." एजे, जिची आयुष्यात एक काडी चुकली नाही, तिच्याबद्दल हे! मी तिथेच होतो. "काय मास्तर, तुम्हाला काही ठाऊक?" मी म्हणालो, यंदा थंडी लवकर पडणार, आणि पियाला घेऊन गोठ्यात गेलो. (पियाला रिकामा होता.)

घरच्या सर्वांना सलाम.

तुमचा,
ओमुरझाक

ता. क. तुमचा हात तिच्यासारखाच आहे आणि नक्षीही तुम्हा दोघींची एकच. सात काड्या गुंडाळून आणाल का? कपाटामागे सापडल्या, असे तुम्हीच सांगा. तुमच्यावर सगळ्या विश्वास ठेवतील.

आणखी एक ता. क. वरचे पुन्हा वाचले आणि मान खाली गेली. काड्या आणा, पण खोटे बोलू नका. सांगणार मीच, शुक्रवारी, जेवणाआधी, सर्वांसमोर. तुम्ही फक्त पुढे बसा. मी उभा राहून नुसतेच पाहुण्यांचे आभार मानू लागलो, तर जोरात खोका.