सगळ्यांना अधिकार, मला सोडून

तीर्थस्वरूप मामांस,

तुमच्या लाडक्या भाच्याचा (म्हणजे माझा) साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आणि मामीचा राग? थंडीत दोन्ही वाढतात असं आई म्हणते. इकडे सगळे मजेत. दादाला बढती मिळाली, पण ते तुम्हाला आईने पत्राने कधीच कळवलं असणार. निवृत्त झाल्यापासून तुम्ही फोन कपाटात ठेवून दिलाय, म्हणून हे पत्र कारखान्याच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. त्याला चहा द्या. तो थांबणार आहे. (का, ते शेवटी सांगतो.)

तुम्ही गेल्यापासून गाद्यांच्या कारखान्यातली तुमची खुर्ची आणि पासवर्ड बदलून द्यायचं ते सॉफ्टवेअर, दोन्ही माझ्या गळ्यात पडली. खुर्ची नुसती करकरते. सॉफ्टवेअरचं मात्र काय सांगू? पासवर्ड विसरणं हा इथला जोडधंदा आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्याचा पासवर्ड बदलायचा अधिकार फक्त तुम्ही केलेल्या ‘मदतनीस’ गटाला, आणि त्या गटात आपण दोघंच. लोक तुमच्यापुढे मान खाली घालून उभे राहायचे, माझ्यापुढे येऊन ओरडतात. तेव्हा म्हटलं, प्रत्येक विभागप्रमुखाला हा अधिकार देऊन टाकावा आणि आपण निवांत डबा खावा. ‘विभागप्रमुख’ हा गट उचलून ‘मदतनीस’मध्ये टाकायचा, काम एवढंच. पण हिशेबनीस बाई माझ्या डोक्यावर उभ्या राहून पंख्याची तक्रार करत होत्या, आणि माझं बोट खालच्या ओळीवर पडलं. तिथे होता ‘सर्व कर्मचारी’.

त्या पंख्याचंही सांगायला हवं. बाईंच्या खोलीत गोदामवाले काकाही बसतात. पंखा लावला की बाईंचे कागद उडतात, बंद केला की काका घामाने भिजतात. (त्यात काका गाद्यांच्या कापसाने आधीच अर्धे पांढरे झालेले असतात.) तर दुपारी काकांना पडद्यावर एक नवं बटण दिसलं आणि त्यांनी बाईंचा पासवर्ड बदलून टाकला. बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी शेजारच्या संगणकावरून काकांचा बदलला. शिलाई विभागात दोन तट पडले आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या कारखान्याला आपापल्या संगणकात शिरता येईना. कुणी कुणाला काय पासवर्ड दिला, ते देणाऱ्यालाही आठवेना. मोठ्या साहेबांचाही कुणीतरी बदलला. कुणी, ते कुणी सांगत नाही, पण विषय काढला की शिलाईतल्या बायका तोंडाला पदर लावतात.

हे पाहून मी घाईघाईत ‘मदतनीस’ गटातल्या सगळ्यांवर खूण केली आणि ‘काढा’ दाबलं. सगळे निघाले, मामा. त्या सगळ्यांत मीही निघालो. आता मला कुणाचा पासवर्ड बदलता येत नाही की स्वतःला पुन्हा गटात घालता येत नाही. एकच नाव जागचं हललं नाही, कारण ज्याने गट बनवला त्याला काढता येत नाही म्हणे.

साहेब सोमवारी दौऱ्यावरून येतायत. त्यांचा संगणक उघडला नाही तर मी माझाही उघडायची गरज नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलंय. मामा, खरंच भीती वाटतेय. ही नोकरी मला तुमच्या शब्दावर मिळाली होती. ती गेली तर तुम्हाला काय तोंड दाखवू?

मामीला नमस्कार सांगा. गुडघ्याला जपा.

तुमचाच,
लाडका भाचा

ता. क. गुडघा ठीक असेल तर चहा झाल्यावर ड्रायव्हरबरोबर गाडीत बसा. नसेल तरीही बसा. निवृत्त माणसाचं खातं बंद करणं माझंच काम होतं आणि ते मी आळसाने केलेलं नाही, त्यामुळे तुम्हाला अजून आत शिरता येईल. माझा आळस पहिल्यांदाच कामाला आला.

ता. क. (पुन्हा) पासवर्ड विसरलो, ही सबब सांगू नका. विसरलेल्यांसाठी तुम्हीच एक प्रश्न घालून ठेवलाय, त्याचं बरोबर उत्तर दिलं की खातं उघडतं. मी तेही करून पाहिलं. (रागावू नका, जीव टांगणीला लागला होता.) प्रश्न होता, ‘माझा लाडका भाचा कोण?’ मी बेधडक माझं नाव घातलं. चूक. मग घरातलं नाव घातलं. तेही चूक. आता एकच संधी उरलीय. तुम्हाला भाचे दोनच, मामा. दादाचं नाव टाकायला बोट उचलतो आणि खाली ठेवतो, कारण चुकलं तर नोकरी जाईल, आणि बरोबर निघालं तर त्याहून वाईट. तेव्हा तुम्हीच या आणि काय ते टाइप करा. मी तोवर खिडकीबाहेर बघत उभा राहीन.