सुनेवर ठेवलेला ठपका

मी, लवू बाबाजी बाणे, वय ७८, धंदा गवंडीकाम (आता बंद), राहणार वरचीवाडी, तालुका राजापूर. चार वर्षांपासून मला रक्ताचा कर्करोग आहे. रक्त बिघडले तरी डोके जागेवर आहे, आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करतो. माझा हात कापतो, म्हणून सून रसिका लिहून घेत आहे.

१. थाप्या, ओळंबा, पाणपातळी ही गवंडीकामाची हत्यारे पुतण्या विनीतला. शेजारी महिपतने माझी शिडी नऊ वर्षांपूर्वी 'उद्या देतो' म्हणून नेली. ती आता त्याचीच. मात्र त्याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये.

२. घर आणि मागची आंब्याची कलमे रसिकाच्या एकटीच्या नावावर. मुलगा प्रमोद मुंबईला नोकरीत आहे, त्याने हरकत घेऊ नये. कारण पुढे दिले आहे.

३. हा आजार म्हातारपणी हळू चालतो, म्हणून डॉक्टरांनी तीन वर्षे नुसते रक्त तपासत ठेवले. गेल्या वर्षी मानेच्या गाठी वाढल्या. ते म्हणाले, आता गोळ्या सुरू करू, या वयालाही झेपतात, एकदा मुंबईला तपासून या. रसिकाने दोनदा तिकिटे काढली. मी गेलो नाही. माझी बायको विमला मुंबईच्या दवाखान्यातून घरी परत आली नाही, त्याची मला भीती होती. प्रमोदला मात्र मी फोनवर सांगितले, "तुझी बायकोच नको म्हणते."

तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नाही. शिमग्याला आला, तिच्या हातचे पाणीसुद्धा न पिता गेला. ती निर्दोष आहे. हे कलम माझ्या बाराव्याला सर्वांसमोर वाचावे.

येथे रसिकाने पेन खाली ठेवले. तिला हे आजच कळले. पुढचे मी जमेल तसे माझ्या हाताने लिहीत आहे. ती एवढेच म्हणाली, "बाबा, बाराव्याची वाट कशाला बघताव? त्यांना आता सांगा."

मला लाज वाटली. साक्षीदारांसमोर प्रमोदला फोन लावला आणि सगळे सांगितले.  तो म्हणाला, "तिला द्या."

रसिका फोन घेऊन पडवीत गेली आहे. बोलत नाही, नुसती ऐकते आहे आणि पदराने डोळे पुसते आहे. तिला हाक मारू नये म्हणून आम्ही तिघे सह्या करून गप्प बसलो आहोत.

लवू बाबाजी बाणे (सही)

साक्षीदार: सुजय गंगाराम तरळ (सही)
तेजस्वी दीपक गुरव, आशा सेविका (सही)

वरचीवाडी, ता. राजापूर, जि. रत्नागिरी
दि. १७ नोव्हेंबर २०२४