अंगावरच्या मुलाची वस्तूंमध्ये झालेली नोंद

प्रति,
माननीय अधीक्षक,
मनोरुग्णालय.

विषय : माझ्या बहिणीचे मूल वस्तूंच्या नोंदीतून काढून तिला दाखवण्याबाबत.
संदर्भ : भांडारपालांनी मला दिलेली मुलाची पोचपावती.

महोदय,

मी शिवणकाम करते. माझी धाकटी बहीण बाळंतपणानंतर भ्रमिष्टासारखी वागू लागली, म्हणून मीच तिला आपल्याकडे दाखल केले. खिडकीवरच्या कारकुनांनी विचारले, "अंगावर काय काय आहे?" मी म्हणाले, "अंगावरचं मूल आहे, साहेब. दूध अजून तोडलेलं नाही." त्यांनी 'अंगावरील वस्तू' या रकान्यात लिहिले : घड्याळ एक, मूल एक. दोन्ही भांडारात जमा झाले.

१. भांडारपाल भले गृहस्थ आहेत. बाळाला कपाटात न ठेवता टेबलावर चादर घालून निजवतात, बाटलीने दूध पाजतात. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मात्र वस्तू सोडवायला रुग्णाची सही लागते आणि रुग्णाची सही सध्या ग्राह्य धरत नाहीत. मी सख्खी मावशी आहे, पण मावशीसाठी रकाना नाही.

२. बाळाला आईजवळ नेऊ द्या म्हटले, तर वॉर्डात वस्तू नेण्यास मनाई आहे. बालविभागात हलवा म्हटले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे मुलं येतात. हे सामान आहे." मला हसू आले, महोदय. मग जिन्यात बसून रडले.

३. बहीण रोज बाळ मागत असे. डॉक्टरांनी तिचे कागद चाळले, त्यात मुलाचा उल्लेख नाही. वस्तूंची यादी ते कशाला बघतील? त्यांनी 'मूल असल्याचा भ्रम' असे लिहून गोळ्या वाढवल्या. मी खरे काय ते सांगायला गेले, तर म्हणाले, "नातेवाइकांनी असल्या भ्रमाला खतपाणी घालू नये." तिथे मी हात टेकले.

काल भेटीच्या वेळी तिने बाळाचा विषयच काढला नाही. मीच काढला. तिने माझा हात हातात घेतला आणि मलाच समजावले, "ताई, तसं काही नव्हतं गं. आता मला कळतंय." डॉक्टर खूश आहेत. अशीच सुधारणा राहिली तर लवकरच घरी सोडू म्हणतात.

तरी ती पूर्ण बरी होण्याआधी तिला तिचे बाळ एकदा दाखवावे, एवढीच हात जोडून विनंती.

आपल्या कचेरीबाहेर बाकावर बसलेली,
रुग्णाची थोरली बहीण

दिनांक : आजचाच

सोबत : झबले, एक. अंगातले आता लहान होत असेल.