आईच्या गालांवरची लाली

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर राग धरणं म्हणजे वेडेपणाच. तरी तो जात नाही. गावाकडचं कुणी जुनं माणूस भेटलं की अजून तुमच्या चेहऱ्याचं कौतुक ऐकावं लागतं. लढाई संपली, तुम्ही पेन्शन घेऊन घरी आलात, तेव्हा लोक म्हणायचे, "गड्याच्या तोंडावर तेज बघा." ते तेज ट्रंकेतून आणलेल्या रमच्या बाटल्यांचं होतं. पण ज्याचं तोंड लाल त्याच्या अंगात रक्त, एवढंच आपल्या गावाचं वैद्यक.

त्या पौषात आई बाळंत झाली. रक्त फार गेलं होतं. रीतीप्रमाणे सुईणबाईनं बाजेखाली शेगडी ठेवली होती, निखाऱ्यांवर ओवा टाकला होता. तुम्ही खोलीत आलात, धुरानं खोकलात आणि शेगडी उचलून थेट अंगणात नेऊन ठेवलीत. "आवं, बाळंतीण गारठंल," सुईण म्हणाली. तुम्ही म्हणालात, "फौजेत आमी काय शेगडी घिऊन हिंडत हुतो व्हय? रमवर थंडी काढली." पितळी पेल्यात रम ओतून, वर गरम पाणी घालून तुम्ही ती आईला स्वतःच्या हातानं पाजलीत. मी आठ वर्षांची, दाराला चिकटून उभी. सकाळपासून पांढरीफटक पडलेल्या माझ्या आईचे गाल लाल होतात, ती हसते, "लय गरम हुतंय" म्हणते आणि अंगावरची वाकळ पायानं लोटून देते. तुम्ही सुईणीला विचारता, "रक्त आलं का न्हाई?" आणि तीही बिचारी म्हणते, "व्हय की." मग तुम्ही दुसरा पेला भरता. उन्हं कलायच्या आत आई गेली. बाळ तेवढं वाचलं.

आत्यानं आम्हा दोघांना सांगलीला नेलं आणि मी पुढं तिथंच नर्स झाले. शिकताना एकदा डॉक्टरांनी दारूचं प्रकरण समजावलं. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात विघटन होतं, त्यातून एक जहरी द्रव्य तयार होतं. दारू आणि ते द्रव्य मिळून कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या सैल करतात. रक्त तिकडं धावतं, तोंड लाल होतं, माणसाला गरम वाटतं, आणि तेवढ्यात आतली ऊब बाहेर निघून जाते, रक्ताचा दाब घसरतो. धडधाकट शिपायाला ते झेपतं. जिच्या अंगात रक्तच उरलेलं नाही, तिनं काय करावं? काळजाला हवं होतं ते रक्त गालांवर आलं आणि तुम्ही ते बघून खूश झालात. नुसत्या रमनं ती गेली असं मी म्हणणार नाही. तिची गत आधीच वाईट होती. पण तुम्ही तिला उतारावर ढकललंत.

सुट्टीत घरी येऊन मी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही पेला खाली ठेवला नाहीत. "दोन बुकं शिकली आन् बापाला शिकवाया लागली. मी तिच्या अंगात रक्त आणलं हुतं. देवानं न्हेलं, त्याला मी काय करू?" हेच तुम्ही जन्मभर चावडीवर सांगत राहिलात आणि लोक हळहळत राहिले, तुमच्यासाठी. पुढं तुमच्याच रक्तवाहिन्या ताठ झाल्या, दाब चढला, अर्धं अंग गेलं. मी तुमचं सगळं केलं. माया म्हणून नव्हे, नर्स म्हणून.

हे टपालात टाकायचं नाही, टाकणार तरी कुठं? पण एक गोष्ट तुम्ही जिवंत असताना मी ओठांवर येऊ दिली नाही, ती इथं लिहिते. आईचा एरवीचा चेहरा मला आठवत नाही. चुलीपुढचा नाही, शेतातला नाही. डोळे मिटले की तोच एक येतो, तुम्ही रम पाजल्यानंतरचा, लाल गालांचा, हसरा. आणि आबा, तो फार सुंदर दिसतो.