माग बंद असतानाचा आवाज

मंगळ. ५ जाने. ८८
एफ.वाय.ला अग्निजन्य खडकांचा पोत. एकाने विचारले, "हाताला खरखरीत लागतो तो ना, सर?" म्हटले, नाही. कण केवढे आणि एकमेकांत कसे बसलेत, ते. खडक सावकाश निवला तर कण मोठे, चटकन निवला तर बारीक. घरी येताना वाटले, समूहगानातही तेच. किती आवाज, कोण कोणाला धरून. वर्गात बोलायला हवे होते? बरे झाले, बोललो नाही.
संध्या. घरी तालीम. १७ला राहनाळच्या विहारात गाणी. सहा जण गाणारे, त्यात बायको सुलभा; माझी पेटी. छान जमतेय.

शुक्र. ८
मागांना सुटी. शेजारच्या हनीफभाईंच्या लूमच्या खडखडाटाशिवाय पहिलीच तालीम. सुलभाचा आवाज एवढा मोठा? बाकी पाच त्याखाली बुडाले. विहाराजवळ माग कुठले! तिथे असेच ऐकू येणार. जेवताना बायकोला म्हटले, "जरा हळू गाशील?"
"बरं."
इतके छोटे 'बरं' तिने आजवर म्हटले नव्हते.

सोम. ११
सु. हळू गाते. गाणे उचलतच नाही. सगळे सुरावरून घसरतात. जिन्यात हनीफभाई: "सर, भाभी गावाला गेल्यात काय? आवाज न्हाय. कारीगर पण विचारतात, गाना क्यों बंद है?"
म्हटले, गातात की.
"कसलं गातात! लूमच्या वर ऐकू येईल ते गाणं."

बुध. १३
एफ.वाय.च्या मुलांना घेऊन अकलोली. ओढ्यात बेसॉल्ट, काळ्या बारीक दगडात नखाएवढे पांढरे स्फटिक. सांगितले, हे आधी, खोलवर, सावकाश वाढले. भोवतीचे काळे नंतर, वर येऊन, घाईत निवले. दोन्ही मिळून एक पोत. बोलता बोलता थांबलो. सु. लहानपणापासून मागांच्या आवाजात गाते, आम्ही बाकीचे दिवाळीत जमलेलो...
पण असे दाखले सोयीचे असतात. दगडाला कोणी 'हळू' म्हटलेले नसते.
तुकडा खिशात टाकला.

गुरु. १४
तिळगूळ देताना सांगून टाकले, चुकलो, हळू गाऊ नकोस. तुकडा दाखवला.
"म्हणजे मी दगड?"
"त्यातला पांढरा स्फटिक."
"दगडच की!" हसली. मग म्हणाली, "अहो, माग असले की गळा आपोआप चढतो. तिथे शांत असणार. कसं गायचं, मला तरी कुठे ठाऊक?"
हे सुचलेच नव्हते. मी माझ्याच कानांचा विचार करत होतो.

शुक्र. १५
माग बंद. सु. एक कडवे मोठ्याने गायली, एक हळू. कोणते बरे? ठरवता आले नाही. दोन्ही वेळा पाचही जण तिच्याकडेच बघत होते. मीसुद्धा. मजा आली.

रवि. १७
रिक्षा खाली उभी. विचारले, "मग, कसं गाणार?"
"तिथे जाऊन बघते. तुम्ही पेटी सांभाळा."
आरशापुढे गळा साफ करतेय. माग चालू आहेत, तरी पलीकडे ऐकू गेले; हनीफभाईंनी भिंतीवर शाबासकीच्या दोन थापा मारल्या.