पंख्याला तीन भोकं

ढवळेवस्ती, विट्याजवळ
नऊ तारीख, रविवार सकाळ

सुभेदार जोतीराम यांस,

दाजी आकाराम याचा बसल्या जागेवरून कडक सॅल्यूट. इकडची सगळी मंडळी तुमच्या बहिणीच्या धाकात सुखरूप आहेत. तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? लीलावहिनींची साखर उतरली का? आणि तुमची दुपारची झोप, दीड ते साडेतीन, अजून तशीच शिस्तीत चालू आहे ना? (ती मोडू नका. पलटण सुटली तरी माणसाने एवढी एक शिस्त पाळावी.) सोबत कागदाची एक पुडी आहे. पत्र वाचून संपेपर्यंत ती उघडायची नाही. अंगारा नाही, भंडाराही नाही, तेव्हा कपाळाला लावू नका.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते आठवा. मी हॅलो म्हणतो आणि मग तुम्ही बोलता. कागदाचं बरं असतं, त्याला मधेच तोडता येत नाही.

विषय तुमच्या भाचीचा आहे. अपेक्षाच्या त्या पाण्यावरच्या स्कीची निवड वीस तारखेला आली, म्हणजे हातात दिवस अकरा. तिथे बोट त्यांची, दोर त्यांचा, पण पाण्यात बसल्या जागेवरून दोन फळ्यांवर उभं राहायचं ते पोरीने. संधी तीन. तिन्ही वेळा पडली की कपडे बदलून घरी. वयाची अट असल्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा नशीब बघू, असंही नाही. पोरगी सराव करते ती आमच्याच तलावात. त्या तलावाच्या तळाला मी मेंढरं राखलीत, आणि टँकर आला की घागर घेऊन त्याच्या मागे पळालोय. आता उपसा योजनेचं पाणी आलं, तर त्याच जागी लेक बोटीच्या मागे पळते. (आमच्या घराण्यात कुणाच्या तरी मागे पळणं चुकत नाही.)

अडचण झाली बोटीची. मालवणकडून जुनी आणलेली, इंजिन चाळीस घोड्यांचं, तुमच्या बोटीला आहे तेच, त्याच नमुन्याचं. (हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.) एकदा पळायला लागली की कुणाचं ऐकत नाही, पण उठायलाच फार वेळ लावते. कोयनेच्या फुगवट्यावर तुम्ही पर्यटकांना ट्यूबवर बसवून ओढता, त्यांना वेळ लागला तर ते फोटो काढतात. स्कीवाल्याला पहिल्या तीन-चार सेकंदांत वर खेचावं लागतं. इथे दोर ताणायचा, इंजिन कण्हायचं, आणि पोरगी उभी राहायच्या ऐवजी अर्धा तलाव तोंडाने पीत पलीकडच्या बांधाला लागायची. सहा दिवस हेच. बांधावर बघायला सगळी वस्ती. भाऊसो मेटकऱ्याच्या म्हातारीने सहाव्या दिवशी हाक मारून सांगितलं, ‘‘आकाराम, सवच्छ झाली की रं पोरगी, काढ आता भाईर.’’

आता तुम्हाला ठाऊक आहे की माझी शाळा सातवीला थांबली, पण कान थांबला नाही. सेलमला तीस वर्षं गलाई केली, म्हणजे सोनं गाळलं. फरशीवर नाणं टाकलं की आवाजावरून भेसळ सांगायचो, आणि शेजारच्या दुकानात हळू आवाजात ठरलेला भाव मला भिंतीतून कळायचा. तसा मी इंजिनाला कान लावला. इंजिन अशक्त नव्हतं. खालचा पंखा सुरुवातीलाच पाण्याला इतका घट्ट धरत होता की इंजिनाला फिरायला मोकळीकच नव्हती. सेलमच्या ओळखीचा एक रामेश्वरमचा बोटवाला आहे. त्याने उपाय सांगितला. इंजिनाचा धूर पंख्याच्या मधल्या पोकळ बोंड्यातून मागे जातो. प्रत्येक पात्याच्या मुळाशी त्या बोंड्याला एक बारीक भोक पाडायचं. मग सुरुवातीला धुराचे बुडबुडे पात्यांपाशी येतात, पाण्याची पकड सैल होते, इंजिन झटक्यात वेग घेतं आणि बोट उडी मारते. वेग आला की धूर आपोआप सरळ मागे निघून जातो. तीन पाती, तीन भोकं.

हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं, आणि तुम्ही चाळीस मिनिटं जे बोललात त्यातलं शेवटचं वाक्य तुमच्या बहिणीने स्वयंपाकघरातून ऐकलं. ‘‘दाजी, कंपनीच्या मालाला भोक पाडणारा गडी आमच्या पलटणीत असता, तर त्याला बोटीमागं बांधून पवायला लावला असता. तुमी पंख्याला हात लावा, मी तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई.’’

मी घाबरलो. शपथेवर सांगतो, त्या दिवशी मी माझ्या पंख्याला हात लावला नाही. चार दिवसांनी तुमच्याकडे आलो तेव्हाही माझा पंखा घरी जसाच्या तसा होता. तो दिवस तुम्हाला आठवत असेल. बहिणीने पाठवलेला कोंबडा तुम्ही मनापासून संपवलात आणि दीडच्या ठोक्याला आडवे झालात. मी जरा धक्क्यावर फिरून आलो. पिशवी एवढी जड कशी, असं लीलावहिनींनी विचारलं होतं. म्हटलं, जाता जाता औंधला यमाईला जायचंय, पूजेचं सामान आहे.

त्यानंतर तुमचे व्हिडिओ येऊ लागले. पाच माणसं ट्यूबवर, आणि बोट अशी निघते की पाचवा मागेच राहतो. त्याखाली तुमचा मजकूर: ‘दात घासायच्या जुन्या ब्रशने प्लग साफ करा, वेळेवर तेल द्या, कंपनीच्या पंख्याला हात लावू नका, हा परिणाम बघा.’ मी तो व्हिडिओ चौदा वेळा ऐकला. (बघितला एकदाच.) निघताना जो बुडबुड आवाज येतो, तो मला फार आवडला. म्हटलं, सुभेदारांना जमतं तर आपल्याला का नाही.

गलाईच्या धंद्यात पहिला कस कुणी आपल्या सोन्यावर लावत नाही. उपायाची खात्री झाल्यावरच मी गेल्या सोमवारी माझा पंखा चिमट्यात धरला. आधी नथीची तार जाईल एवढी भोकं पाडली. थोडा फरक पडला. मग करंगळीच्या नखाएवढी केली, आणि सुभेदार, पोरगी उठली. दोर ताणला, बोट उडाली आणि अपेक्षा पाण्यावर सरळ उभी. कडेपर्यंत गेली, वळली, परत आली. बांधावरची वस्ती उठून उभी राहिली. मेटकऱ्याची म्हातारीसुद्धा. तुमची बहीण म्हणाली की पोरीचे गुडघे अगदी माझ्या भावासारखे वाकतात.

इथे मी थांबायला हवं होतं. पण एवढ्या भोकाने एवढं होतं, तर आणखी मोठ्याने किती होईल, हा विचार ज्याच्या डोक्यात येत नाही तो माणूस विट्याचा नव्हे. बुधवारी तिन्ही भोकं अंगठ्याएवढी केली. गुरुवारी इंजिन असं गरजलं की तलावावरचे बगळे उडून गेले. वस्तीने टाळ्या वाजवल्या. तलावाला फेस आला, ताकाच्या डेऱ्यासारखा. बोट मात्र बांधली होती तिथेच. पकड सैल व्हायची ती इतकी झाली की पंखा नुसता धुरात फिरतो, पाणी त्याच्या हाताला लागतच नाही. भोकं बुजवायला सांगलीला गेलो, तर तिथल्या मिस्त्रीने पंखा उलटसुलट करून विचारलं, हा झारा कुठल्या आचाऱ्याचा? नवीन यायला तीन आठवडे.

अपेक्षा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जे काय असेल ते आईच्या मार्फत. काल जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, ‘‘आई, त्यांना सांग, मला उभं ऱ्हायला येतंय. त्यांना थांबायला येत न्हाई.’’ मी ताट सारलं आणि या पत्रासाठी कागद शोधायला उठलो.

तेव्हा सुभेदार, तुमचंच खरं. पंख्याला हात लावू नये. मी हे कागदावर लिहून देतोय, हवं तर चौकट करून धक्क्यावर लावा. गुडघ्याला एरंडाचं तेल चोळा, लीलावहिनींना चहा बिनसाखरेचाच द्या.

तुमचा चुकलेला आणि ते कबूल करणारा,
दाजी आकाराम

ता. क. जाता जाता एक किरकोळ. अकरा दिवसांपुरता तुमचा पंखा द्यावा. नमुना एकच आहे, एक पिन, एक नट, पाच मिनिटांचं काम. वीस तारीख झाली की आणून लावतो. मी त्याला भोकं पाडीन ही भीती मनात अजिबात आणू नका.

ता. क. २. ती पाडून झाली आहेत. मागल्या खेपेला, पावणेदोन ते अडीच, तुमच्या धक्क्यावर. करंगळीच्या नखाएवढी, अगदी हिशेबशीर. तुमचे प्लग तेव्हाही साफ होते आणि आताही आहेत, त्यांना बोल लावू नका. आता पुडी उघडा. त्यात तुमच्या पंख्याचा कीस आहे. गलाईवाला दुसऱ्याच्या मालाचा कण ठेवून घेत नाही. तुमचं तुमच्याकडे पोचलं.

ता. क. ३. पाकिटाला तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. एवढं शेवटचं मी तुमच्या सोप्यात बसून लिहितोय. आत तुमचं घोरणं चालू आहे, आवाजावरून अजून अर्धा तास तरी आहे. पत्र लीलावहिनींकडे देतो. तुम्ही हे वाचाल तेव्हा मी उंब्रजच्या आसपास असेन, आणि तुमचा पंखा माझ्या शेजारच्या सीटवर. रिकामा दांडा बरा दिसत नाही म्हणून माझा लावून ठेवला आहे. आवाज झकास देतो, पण त्याच्यावर माणसं घेऊ नका. म्हणजे अकरा दिवस तुम्हाला बोटीवर काम नाही, आणि बहीण तीन दिवाळ्या वाट बघतेय. शिवाय अपेक्षाने आईमार्फत कळवलं आहे की सुकाणूवर मामा असेल तरच ती पाण्यात उतरेल, बाप नको. सराव रोज चार वाजता, तुमची झोप मोडणार नाही. उंबऱ्याला पाय न लावण्याची शपथ आडवी येत असेल, तर मागच्या दाराने या. तिथला उंबरा मी काल काढून टाकला आहे.