तळं राखाडी निघाल्याबद्दल

आदरणीय ताईंना,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता वळतो का? साडूभाऊंचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे आणि तुमची धाकटी बहीण परवापासून माझ्याशी बोलत नाही.

याचं मूळ तुमच्याकडे आहे, राग मानू नका. गुलाबी तळ्याकाठी उभं राहून काढलेला फोटो तुम्ही फ्रेम करून पाठवलात (फ्रेम सुरेख आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही) आणि हिने तो जेवणाच्या टेबलासमोर टांगला. तेव्हापासून जेवताना मी तळी ऐकतोय. जगात म्हणे हिरवी तळी आहेत, तांबडी आहेत, दुधी आहेत. कुठल्याशा ज्वालामुखीच्या माथ्यावर तर तीन शेजारीशेजारी आणि तिन्हींचे रंग वेगळे, तेही अधूनमधून बदलणारे. माझा जन्म रंगाच्या दुकानात डबे ढवळण्यात गेला, म्हणून मी एवढंच म्हणालो की असले रंग निसर्ग मिसळत नाही, फोटोवाले मिसळतात. इथवर निभावलं असतं. पण पुढे 'दाखवच मला' असंही तोंडून निघून गेलं.

मग काय, दुकान बंद, शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली आणि पहाटे निघालो. (गाडीचा हॉर्न डावीकडे वळलं की आपोआप वाजतो, हे शेजारी सांगायला विसरले. वाटेत किती लोकांनी मला शिव्या दिल्या ते लिहीत नाही.) पोचलो तर आभाळ भरलेलं आणि तळं राखाडी. मी खिशातलं शेड कार्ड काढून पाण्यासमोर धरलं आणि 'ओलं सिमेंट' हा रंग तंतोतंत जुळला. जुळला तो जुळला, मी तो मोठ्यांदा वाचलाही. तिथेच सगळं बिनसलं. तिकीटवाल्याने समजावलं, की पाणी भयंकर खारट आहे, त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव त्याला रंग देतात, पण आठवडाभर पाऊस झालाय आणि रंग खुलायला डोक्यावर ऊन लागतं. ही माझ्याकडे पाठ करून बाकावर बसली. मी गाडीत जाऊन जरा पडलो, तो जागा झालो तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि ही शेजारच्या सीटवर बसून समोर बघत होती. परतताना हॉर्नशिवाय कुणी काही बोललं नाही.

ताई, मला खरंच वाईट वाटतंय. वर्षभर तिने त्या तळ्याचा ध्यास घेतला होता आणि मी तिथे सिमेंट वाचत बसलो.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. एक काम होतं. तुमच्या फोटोतला गुलाबी रंग स्टुडिओवाल्याने गडद करून दिला होता, असं हिला दोन ओळींत कळवाल का? म्हणजे तिच्या मनाची रुखरुख जाईल. तुमच्या स्वयंपाकघराला लागेल तो रंग माझ्याकडून.

ता. क. ताई, आता मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. हे घोरत होते तेव्हा ढग सरले आणि बघता बघता सगळं पाणी गुलाबी झालं. तुझ्या फोटोपेक्षाही गुलाबी. मला रडूच आलं. यांना उठवणार होते, पण उठले असते तर लगेच कार्डात नंबर शोधला असता, म्हणून एकटीनेच पोटभर बघून घेतलं. यांनी सांगितलंय तसंच लिही, पण उत्तराची घाई करू नकोस. कालपासून भांडी हे घासतायत, आणि आज माझ्याआधी उठून चहासुद्धा केला होता.